ग्लूमहेवनची लढाई कुठं अडते? ‘जॉज ऑफ द लायन’ पहिल्यांदा खेळणाऱ्यांसाठी

आयझॅक चिल्ड्रेस यांनी रचलेला ‘ग्लूमहेवन’ हा बोर्डगेम २०१७ मध्ये सेफालोफेअर गेम्सने आणला. डबा असा दांडगा, की घरी आणल्यावर पहिला प्रश्न तो ठेवायचा कुठं हाच. २०२० मध्ये त्याचा आटोपशीर अवतार आला, ‘जॉज ऑफ द लायन’. १ ते ४ खेळाडू, ४ हिरो, २५ सिनॅरिओ (प्रत्येक एक वेगळा डाव), आणि नकाशे थेट पुस्तकाच्या पानांवर छापलेले, त्यामुळे पुठ्ठ्याचे तुकडे जुळवत बसावं लागत नाही. नवख्यांनी सुरुवात इथूनच करावी.

खेळ सहकाराचा आहे. सगळे एका बाजूला, समोर मॉन्स्टर. आणि घोळही नेमका इथंच होतो, कारण मॉन्स्टरची बाजू खेळायला टेबलावर कुणीच बसलेलं नसतं. मग ‘तो शहाणा असेल तर त्या जखमीवरच जाईल ना?’ असं एकजण म्हणतो, दुसरा म्हणतो ‘छे, हा जवळ आहे’, आणि अर्धा तास काथ्याकूट. मॉन्स्टरला शहाणपण नसतं हे आधी मनाशी पक्कं करा. त्याच्या कार्डावर जे छापलंय आणि नियमांनी जो क्रम घालून दिलाय, तेवढंच त्याचं डोकं. तो क्रम पाठ झाला की लढाई झरझर पुढं सरकते.

हा लेख फक्त लढाईबद्दल आहे. खरेदी, पातळी वाढवणं, शहरातल्या घटना हे सगळं डब्यातल्या ‘लर्न टू प्ले’ पुस्तिकेत सोपं करून सांगितलंय.

बसण्याआधी हाताशी काय हवं

- सिनॅरिओचं पुस्तक, योग्य पानावर उघडलेलं
- ‘लर्न टू प्ले’ आणि ग्लॉसरी, या दोन वेगवेगळ्या पुस्तिका आहेत. शिकायला पहिली, खेळताना शंका आली की दुसरी
- प्रत्येक हिरोचा बोर्ड, त्याची कार्डं आणि त्याचा स्वतःचा मॉडिफायरचा (घाव कमी-जास्त करणाऱ्या कार्डांचा) कॅट
- मॉन्स्टरसाठी एक सामायिक मॉडिफायरचा कॅट
- या सिनॅरिओत असलेल्या प्रत्येक मॉन्स्टरची माहितीपट्टी आणि त्याच्या अॅबिलिटी कार्डांची (फेरीत तो काय करणार हे सांगणाऱ्या कार्डांची) गड्डी
- एक कोरा कागद आणि पेन्सिल. डब्यात नसतं, पण फेरीचा क्रम लिहून ठेवायला फार कामाला येतं

पहिले पाच सिनॅरिओ शिकवणीचे आहेत आणि नियम त्यात थोडेथोडे उलगडतात. सुरुवातीला हिरोंना वेगळी, सोपी केलेली कार्डं असतात. ती बाजूला सारून थेट खऱ्या कार्डांवर उडी मारायचा मोह होतो, विशेषतः टेबलावर एखादा मुरलेला गेमर असेल तर. मारू नका.

१. दोन कार्डं निवडा, एक आकडा ठरवा

प्रत्येक फेरीत तुम्ही हातातली दोन कार्डं पालथी ठेवता. त्यातलं एक दुसऱ्याच्या वर. वरच्या कार्डावरचा आकडा हा तुमचा इनिशिएटिव्ह. आकडा जितका लहान, तितकी तुमची पाळी लवकर.

प्रत्येक कार्डाला वरचा भाग आणि खालचा भाग असतो. पाळी आली की एका कार्डाचा वरचा आणि दुसऱ्याचा खालचा भाग वापरायचा. दोन्हींचे वरचे किंवा दोन्हींचे खालचे चालत नाही. इथं तीन गैरसमज हमखास दिसतात:

- ज्याचा इनिशिएटिव्ह घेतला तेच कार्ड आधी खेळलं पाहिजे, असं नाही. आधी कुठलंही खेळा.
- कुठल्या कार्डाचा कुठला भाग वापरणार हे निवडताना ठरवावं लागत नाही. पाळी येईपर्यंत समोरचं चित्र पालटलं असेल तर बेत खुशाल बदला.
- कार्डावरचं लिहिलेलं काही उपयोगाचं नसेल, तर कुठल्याही कार्डाचा वरचा भाग ‘हल्ला २’ म्हणून आणि खालचा ‘चाल २’ म्हणून वापरता येतो. नवखे हे विसरतात आणि एक अख्खी पाळी वाया घालवतात.

आणखी एक. हा खेळ सहकाराचा असला तरी एकमेकांना कार्ड दाखवायची नाहीत, कार्डाचं नाव किंवा नेमका आकडा सांगायचा नाही. ‘मी या फेरीत लवकर जाईन’, ‘मी उशिरा, त्या कोपऱ्यातल्याला बघतो’ इतपत चालतं. ‘माझा १५ आहे, तू १६ च्या पुढचं टाक’ हे चालत नाही. कटकट वाटते, पण या नियमामुळेच एक बोलका खेळाडू चौघांचा डाव एकटा खेळत नाही. माझ्या मते तो शिथिल करू नये.

२. कोणाची पाळी आधी

सगळ्यांनी कार्डं उलटली की टेबलावर हजर असलेल्या प्रत्येक जातीच्या मॉन्स्टरसाठी एकेक अॅबिलिटी कार्ड उघडा. एका जातीचे सगळे मॉन्स्टर त्याच एका कार्डावर चालतात. मग लहान आकड्यापासून मोठ्याकडे जा. आकडे सारखे आले तर:

- हिरो आणि मॉन्स्टर यांच्यात बरोबरी: हिरो आधी.
- दोन हिरोंमध्ये: दोघांच्या दुसऱ्या कार्डाचा आकडा बघा. तोही सारखा असेल तर आपसात ठरवा.
- दोन जातींच्या मॉन्स्टरमध्ये: तुम्हीच ठरवा.
- एकाच जातीत: आधी एलिट, म्हणजे पिवळ्या तळाचे. मग पांढऱ्या तळाचे साधे. प्रत्येक गटात अंगावरच्या क्रमांकाप्रमाणे, लहान आधी.

शेवटची ओळ क्षुल्लक वाटते, पण अरुंद वाटेत तीन मॉन्स्टर एकामागे एक असले की कोण आधी हलतो यावर अख्खी फेरी ठरते. मागच्याचा क्रमांक पुढच्याआधी आला, तर पुढचा अजून वाट अडवूनच उभा असतो.

३. मॉन्स्टर कुणावर जाणार

याला खेळात ‘फोकस’ म्हणतात. टेबलावरच्या दहातल्या आठ वादांचं मूळ इथंच असतं, म्हणून जरा सावकाश घेऊ.

प्रत्येक मॉन्स्टर आपली पाळी आली की, आणि तेव्हाच, स्वतःचा फोकस शोधतो. तीन प्रश्न, याच क्रमाने:

पहिला प्रश्न: कुणावर हल्ला करण्याजोग्या जागी पोहोचायला सर्वांत कमी चाल लागते?
त्यात बरोबरी झाली तर दुसरा: सध्या तो उभा आहे तिथून कोण जवळ आहे?
त्यातही बरोबरी झाली तर तिसरा: या फेरीत कुणाचा इनिशिएटिव्ह आधीचा?

बस. कुणाचा जीव किती उरलाय, कुणी जास्त मार दिलाय, कुणाला विष बाधलंय, यातलं काहीही विचारात येत नाही.

पहिला आणि दुसरा प्रश्न एकच आहेत असं वाटतं, पण नाहीत. समजा जवळून मारणारा मॉन्स्टर आहे. हॅचेट हा हिरो त्याच्यापासून सरळ मोजलं तर तीन घरांवर आहे, पण मध्ये अडथळे असल्याने त्याच्या शेजारी पोहोचायला पाच घरं चालावं लागतं. रेड गार्ड हा दुसरा हिरो चार घरांवर आहे, मध्ये मोकळं मैदान, त्याच्या शेजारी यायला तीन घरं पुरतात. फोकस रेड गार्ड. डोळ्यांना हॅचेट जवळचा दिसतो तरीही. लोक पट्टी टेकवल्यासारखं हवेतून अंतर मोजतात आणि फसतात. घरं चालून मोजा, बोटाने.

दुरून मारणाऱ्याचं उलट. त्याचा पल्ला ३ असेल आणि तीन घरांच्या आत दोन हिरो आधीच दिसत असतील, तर दोघांसाठी लागणारी चाल शून्य. बरोबरी. मग जवळचा कोण हा दुसरा प्रश्न. तिथंही बरोबरी, तर इनिशिएटिव्ह. म्हणूनच लांब विश्रांती घेणारा हिरो (खेळलेली कार्डं परत हातात घेण्यासाठी थांबलेला, हे नवव्या भागात) थोडा निर्धास्त असतो: त्याचा इनिशिएटिव्ह ९९ धरतात, त्यामुळे तिसऱ्या प्रश्नात तो शेवटी येतो. थोडा निर्धास्त म्हणालो, पूर्ण नाही. पहिल्या दोन प्रश्नांतच तो सापडला तर विश्रांती कुणाला वाचवत नाही.

फोकस शोधताना या गोष्टी ध्यानात ठेवा:

- मॉन्स्टरच्या चालीचा आकडा किती आहे याचा फोकसशी संबंध नाही. चाल २ असली आणि वाट सात घरांची असली तरी फोकस तोच. या फेरीत पोहोचणार नाही इतकंच.
- मॉन्स्टर आपल्या साथीदारांमधून जाऊ शकतो, पण त्यांच्या घरात थांबू शकत नाही. हिरोंमधून जाऊ शकत नाही.
- सापळे तो अडथळ्यासारखे टाळतो. दुसरी वाटच नसेल तरच सापळ्यात पाय घालतो.
- एखाद्या हिरोवर हल्ला करता येईल असं एकही घर रिकामं नसेल, तर तो हिरो फोकस होऊच शकत नाही. मॉन्स्टर पुढच्याचा विचार करतो. कुणीच मिळत नसेल तर जागचा हलत नाही.

हा शेवटचा मुद्दा दारातल्या लढाईत सोन्याचा आहे. रेड गार्ड दारात उभा राहिला, त्याच्यापुढची घरं दोन मॉन्स्टरनी भरली आणि त्याला ओलांडून मागं जायला वाट नसली, तर जवळून मारणारा तिसरा मागं नुसता उभा राहतो. ‘तो निदान पुढं तरी सरकेल ना’ असं कुणीतरी म्हणतंच. नाही सरकत.

४. फोकस मिळाला, आता तो चालतो कसा

मॉन्स्टरच्या कार्डावर चाल लिहिली असेल तरच तो चालतो. ‘चाल +१’ म्हणजे त्याच्या माहितीपट्टीवरच्या चालीत एक मिळवा. ‘हल्ला −१’ म्हणजे पट्टीवरच्या हल्ल्यातून एक वजा. एलिट आणि साध्याचे आकडे पट्टीवर वेगवेगळे असतात, घाईत चुकीच्या बाजूचे वाचले जातात. आणि कार्डावर चाल नसेलच, तर पट्टीवर आकडा असला तरी तो जागीच राहतो. हल्ला नसेल तर हल्ला करत नाही. अशा वेळी फोकस शोधताना त्याचा हल्ला जवळचा, एकाच लक्ष्यावरचा आहे असं धरायचं.

चालताना तो हल्ला करता येण्यापुरतंच चालतो, जास्त नाही. फोकसशेजारी आधीच असेल तर हलत नाही. बरोबर एक अपवाद नवख्यांना चकवतो: दुरून मारणारा मॉन्स्टर तुमच्या शेजारी उभा असेल आणि कार्डावर चाल असेल, तर तो मागं सरतो. कारण शेजारच्यावर दुरून मारलं की हल्ला कमकुवत होतो, हे पुढं येतंच. त्याला खिळवून ठेवायचं असेल तर इमोबिलाइझ करा, म्हणजे त्याची चाल बंद पाडा, मग तो शेजारी उभा राहूनच वाईट नेम मारतो.

एकापेक्षा जास्त जणांना मारणारं कार्ड आलं, तर आधी फोकसवर नीट हल्ला होईल अशी जागा, मग त्याबरोबर जितके जास्त सापडतील तितके. दोन घरं अगदी सारखीच चांगली असतील तर निवड तुमची. तेव्हा तुम्हाला सोयीचं घर निवडण्यात काही लबाडी नाही, नियमच तसा आहे.

५. घावाचा हिशेब

आता मॉडिफायरचा कॅट. सुरुवातीला प्रत्येकाच्या कॅटमध्ये २० कार्डं: +० ची ६, +१ ची ५, −१ ची ५, +२ चं १, −२ चं १, दुप्पट करणारं १, आणि सगळं फुकट घालवणारं शून्याचं १. प्रत्येक हल्ल्यावर एक कार्ड ओढायचं. एका हल्ल्यात तीन लक्ष्यं असतील तर प्रत्येकासाठी वेगळं कार्ड.

हिशेब या क्रमाने, नेहमी:

१) हल्ल्याचा मूळ आकडा घ्या.
२) त्यात कार्ड ओढण्याआधीची भर घाला. लक्ष्याला विष बाधलं असेल तर +१, वस्तूंची किंवा चालू परिणामांची भर असेल तर ती.
३) मॉडिफायर लावा.
४) लक्ष्याची ढाल वजा करा. हल्ल्यात पिअर्स असेल तर तेवढी ढाल दुर्लक्षित.

रेड गार्डचा हल्ला ३. समोरच्याला विष बाधलंय, ढाल १. म्हणजे ३ आणि १, ४. ओढलं +१, झाले ५. ढाल १ गेली, मार ४ चा. आता त्याच जागी दुप्पट आलं तर? ४ चे ८, ढाल वजा करून ७. विष नंतर मिळवलं असतं तर ३ चे ६, विष धरून ७, ढाल जाऊन ६ च. क्रम चुकला की असा एकेक गुण निसटतो, आणि मॉन्स्टर नेमका एका जिवाने वाचतो.

पिअर्सबद्दल एक: पिअर्स ३ आणि ढाल १ असेल तर उरलेले २ मारात मिळत नाहीत. ते वायाच जातात.

नेम चांगला असेल तर दोन कार्डं ओढून चांगलं घ्यायचं, वाईट असेल तर दोन ओढून वाईट घ्यायचं. दुरून करायचा हल्ला शेजारच्या घरातल्यावर केला की नेम वाईट धरतात. हॅचेट खेळणाऱ्याने हे भिंतीवर लिहून ठेवावं, कारण त्याचे बहुतेक हल्ले फेकीचे असतात. चांगलं आणि वाईट दोन्ही एकाच वेळी लागू झाले तर एकमेकांना कापतात, मग नेहमीसारखं एकच कार्ड.

शून्याचं किंवा दुप्पटचं कार्ड निघालं, की तो कॅट फेरीच्या शेवटी पिसायचा. लगेच नाही. आणि फक्त ज्याचा निघाला त्याचा.

शून्य आलं तरी हल्ला झालाच, फक्त मार बसला नाही. हल्ल्याबरोबर विष किंवा जखम लिहिली असेल तर ती लागते. हे दोन्ही बाजूंना लागू आहे, त्यामुळे सापाचा दंश चुकला म्हणून उड्या मारू नका, विष बाधलेलं असेल.

बेत आखताना एक गणित लक्षात असू द्या. हल्ला ३ आणि समोर ३ जीव, म्हणजे ‘मेलाच’ असं नवखे धरून चालतात. −१ ची पाच, −२ चं एक, शून्याचं एक: वीसपैकी सात कार्डांवर तो जिवंत राहतो. तिसऱ्या हिस्स्याहून जास्त. त्याच्या शेजारी उभं राहण्याआधी याचा विचार करा.

६. दिसतंय का

हे थोडक्यात, कारण नियमच सोपा आहे. तुमच्या घराच्या कुठल्याही एका कोपऱ्यापासून लक्ष्याच्या घराच्या कुठल्याही एका कोपऱ्यापर्यंत सरळ रेघ ओढा. ती भिंतीला लागली नाही तर दिसतंय. एकच रेघ जमली तरी पुरे. मध्ये उभे असलेले मॉन्स्टर, हिरो, खोके, खडक यातलं काहीही नजर अडवत नाही. फक्त भिंत. ‘मध्ये तो उभा आहे, त्याच्या आड लपलो’ असा युक्तिवाद या खेळात चालत नाही.

पल्ला मात्र घरांनी मोजायचा, रेघेने नाही, आणि मोजताना भिंतीतून आरपार जायचं नाही.

७. मार बसला: जीव द्यायचा की कार्ड

हिरोला मार बसणार असेल तर त्याच्याकडे पर्याय असतो. जीव कमी करा, किंवा हातातलं एक कार्ड कायमचं घालवून तो अख्खा मार रद्द करा. टाकलेल्या, म्हणजे खेळून बाजूला ठेवलेल्या, कार्डांमधून घालवायची असतील तर दोन. हे मॉडिफायर ओढून मार किती हे कळल्यावर ठरवायचं, आधी नाही. मार रद्द झाला तरी सोबतचं विष किंवा जखम लागतेच.

मोह कुठं होतो ते सांगतो. पहिल्याच फेरीत ४ चा मार बसतो, जीव १० पैकी ६ होणार म्हणून पोटात गोळा येतो, आणि माणूस एक कार्ड घालवतो. कार्डं म्हणजे या खेळातला दम आहे. दोन कार्डं खेळायला उरली नाहीत आणि विश्रांतीही घेता येत नसली, की हिरो बाद, मग जीव कितीही शिल्लक असो. १० कार्डांचा हात एकही कार्ड अन्यथा न घालवता, फक्त विश्रांतीची घट सोसत खेळला तर २५ पाळ्या पुरतो. ९ कार्डांचा पुरतो २०. म्हणजे सुरुवातीलाच घालवलेलं एक कार्ड जवळपास पाच पाळ्यांना महाग पडतं. तेच कार्ड शेवटी, हातात चारच उरलेली असताना घालवलं तर दोन पाळ्या जातात. म्हणून सुरुवातीला जीव खर्चा, शेवटी कार्डं. ज्या कार्डांवर वापरल्यावर कायमचं जाण्याची खूण असते त्यांनाही हेच लागू: ती पहिल्या खोलीत उधळू नका.

आणि एक दिलासा. एक हिरो बाद झाला म्हणजे डाव हरला असं नाही. बाकीचे लढत राहतात. सगळे बाद झाले तरच हार.

८. विष, जखम आणि बाकीच्या भानगडी

स्टन (काहीच करता येत नाही), डिसआर्म (हल्ला करता येत नाही), इमोबिलाइझ (चालता येत नाही) आणि मडल (नेम वाईट) हे ज्याला लागले त्याच्या पुढच्या पाळीच्या शेवटी आपोआप जातात. ‘पुढची पाळी’ म्हणजे पुढची फेरी नव्हे, इथं लोक अडखळतात. मॉन्स्टरची या फेरीतली पाळी अजून यायची असताना तुम्ही त्याला स्टन केलंत, तर तो ही पाळी गमावतो आणि तिच्या शेवटी मोकळा होतो. त्याची पाळी होऊन गेल्यावर स्टन केलंत, तर पुढच्या फेरीतली पाळी जाते. दोन्हींत एकच पाळी जाते. फरक हा, की पहिल्यात तुम्ही आत्ताचा मार चुकवता.

विष आणि जखम आपोआप जात नाहीत, उपचारानेच जातात. जखम असेल तर प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला १ चा मार. विष असेल तर तुमच्यावरच्या प्रत्येक हल्ल्याला +१. आणि उपचार करताना खालचा फरक पाहा:

- फक्त जखम असेल: जखम जाते, जीवही भरतो.
- विष असेल: विष जातं, जीव भरत नाही.
- दोन्ही असतील: दोन्ही जातात, जीव भरत नाही.

विष बाधलेल्यावर मोठा उपचार वापरणं म्हणजे तो पाण्यात घालणं. छोटा वापरा, मोठा राखून ठेवा.

ढाल फक्त हल्ल्याचा मार अडवते. जखमेचा, सापळ्याचा किंवा रिटॅलिएटचा नाही. रिटॅलिएट असलेल्या मॉन्स्टरला मारलं की उलट फटका बसतो, पण तुमच्या हल्ल्यात तो मेला तर बसत नाही, आणि तुम्ही त्याच्या रिटॅलिएटच्या पल्ल्याबाहेर असाल तरी नाही.

९. विश्रांती कधी, कुठली

टाकलेली कार्डं परत हातात आणायचे दोन मार्ग. छोटी विश्रांती फेरीच्या शेवटी होते: टाकलेल्यांपैकी एक आंधळेपणाने जातं, बाकीची परत. गेलेलं कार्ड फारच जिवाभावाचं असेल तर १ चा मार घेऊन एकदाच बदलून दुसरं आंधळेपणाने घालवता येतं. लांब विश्रांती अख्खी पाळी खाते, पण कुठलं कार्ड घालवायचं ते तुम्ही निवडता, २ चा उपचार मिळतो आणि वापरून आडव्या ठेवलेल्या वस्तू पुन्हा उभ्या होतात.

नवखे छोटीच घेत राहतात, कारण पाळी वाया घालवायची नसते. समोर मॉन्स्टर नसतील किंवा ते दोन फेऱ्या लांब असतील, तर लांब घ्या. सगळ्यांनी एकाच वेळी मात्र नको.

१०. दार उघडलं की

नवी जागा उघडली की तिथले मॉन्स्टर त्याच फेरीत हालचाल करतात. त्यांच्या जातीचं कार्ड आधी उघडलेलं नसेल तर लगेच उघडा. त्यांचा आकडा दार उघडणाऱ्याच्या आधीचा निघाला, तर त्या हिरोची पाळी संपताक्षणी ते खेळतात. म्हणजे पाळीच्या शेवटच्या चालीने दारात जाऊन उभं राहणं हा हमखास मार खायचा रस्ता. दार उघडायचं तर फेरीत लवकर, निदान ढाल वर असताना, आणि मागचे साथी पुढं यायच्या तयारीत असताना.

११. तरीही वाद झालाच तर

ग्लॉसरीत शब्द शोधा, सापडला तर तोच अंतिम. दोन मिनिटांत सापडला नाही तर हिरोंना जास्त त्रासदायक ठरेल तो अर्थ धरून पुढं चला आणि डाव संपल्यावर शोधा. आमच्याकडे हाच रिवाज आहे, आणि त्यामुळे कुणी सोयीचा अर्थ काढतंय अशी कुरकुर होत नाही.

व्हिडिओ बघून शिकत असाल तर तो नेमका कुठल्या डब्याचा आहे ते आधी तपासा. मोठा ‘ग्लूमहेवन’, ‘जॉज ऑफ द लायन’ आणि ‘फ्रॉस्टहेवन’ यांचे नियम सख्खे असले तरी तंतोतंत एक नाहीत, आणि अर्धवट आठवलेला दुसऱ्या डब्यातला नियम सर्वांत जास्त वेळ खातो.

सिनॅरिओची पातळी ठरवताना सगळ्या हिरोंच्या पातळ्यांची सरासरी काढा, निम्मी करा, अपूर्णांक आला तर वरचा पूर्णांक घ्या. पहिल्या पातळीचे हिरो असतील तर १. शिकवणी संपल्यावर लागोपाठ हार होत असेल, तर ती एकाने कमी करायची मुभा नियमातच आहे.